स्वस्ताचे मोल

नागपूर शहराच्या पूर्व भागात कळमना नावाची वस्ती आहे. नागपूरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार येथेच आहे. विद्यार्थी मित्रांनो, फेब्रुवारी महिन्यातील एखाद्या पहाटे तुम्ही या आवारात शिरलात, तर सूर्य उगवण्यापूर्वीच तेथे दिवस सुरू झालेला तुम्हांला दिसेल. एकीकडे मृग बहराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. दुसरीकडे लाल मिरचीची पोती उघडली जातात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ठसका लागतो. धान्याच्या बाजूला नव्या तुरीच्या राशी पडलेल्या असतात. हर्रास पुकारणारा एका राशीवरून दुसऱ्या राशीकडे जातो, त्याच्यामागून व्यापाऱ्यांचा घोळका सरकतो. कोणी मूठभर तूर उचलतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दातांखाली फोडून पाहतो आणि मग भाव बोलतो. राशीपाशी उकिडवा बसलेला शेतकरी मात्र काहीच बोलत नाही. जून महिन्यात पेरलेले, सहा-सात महिने राखलेले आपले पीक आता कोणत्या आकड्यावर थांबते, एवढेच तो ऐकत असतो.

याच वेळी व्यापाऱ्याच्या गादीवर नमुन्याची आणखी एक पुडी असू शकते. तिच्यातील तूर काटोलची नसते, उमरेडची नसते, हिंगणघाटचीही नसते. ती आफ्रिकेतील मोझांबिकची, टांझानियाची किंवा शेजारच्या म्यानमारची असते. समुद्र ओलांडून, बंदरावर उतरून, मालगाडीने वा ट्रकने ती येथवर येते, आणि एवढा प्रवास करूनही कित्येकदा येथल्या तुरीपेक्षा स्वस्त पडते. मग व्यापारी ती घेतो. दालमिलचा मालक ती घेतो. तिची डाळ झाल्यावर आपणही ती घेतो. डाळ एकदा भरडली म्हणजे तिच्या अंगावर तिच्या गावाचे नाव उरत नाही, त्यामुळे आपल्याला ते कळतही नाही. स्वस्त मिळते ते घ्यावे, यात चुकले कोठे?

प्रश्न सरळ आहे, आणि त्याला सरळ उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. नागपुरात हा प्रश्न आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो याच प्रदेशात विचारला जात होता. त्या वेळी तो तुरीविषयी नव्हता, कापडाविषयी होता. म्हणून आधी आपण कापडाची गोष्ट पाहू.

वऱ्हाड आणि नागपूरच्या आसपासची काळी जमीन कापसाची. हिंगणघाटचा कापूस तर इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी नावाने होता. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोहोचली. या आगगाडीने कापसाचे गठ्ठे मुंबईस जात, तेथून जहाजाने इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात जात, तेथील गिरण्यांत त्यांचे सूत व कापड होई, आणि ते कापड पुन्हा समुद्रमार्गे मुंबईस व त्याच आगगाडीने नागपूरच्या बाजारात येई. आपल्याच शेतातला कापूस हजारो कोसांची वारी करून आपल्या अंगावर येई. नवल असे की, शेजारच्या आळीत विणलेल्या कापडापेक्षा हे कापड स्वस्त असे.

याचे एक कारण यंत्र. हाताच्या चरख्यावर एक बाई एका वेळी एकच धागा काढते. गिरणीतील कताईयंत्र एका वेळी शेकडो धागे काढते. हे कारण रास्त होते, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. परंतु दुसरे कारण तसे नव्हते. बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते, त्याला आयात शुल्क म्हणतात. १८८२ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावरील आयात शुल्क काढूनच टाकले. पुढे पैशाची अडचण आली तेव्हा ते पुन्हा बसवावे लागले. पण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. म्हणून १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवताना, हिंदुस्थानातील गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तितकाच साडेतीन टक्के कर बसविण्यात आला. आपल्या देशात आपल्या लोकांनी विणलेल्या कापडावर, केवळ परक्यांच्या कापडाशी त्याची बरोबरी राहावी म्हणून कर! हा कर १९२५ च्या डिसेंबरापर्यंत चालू होता. स्वस्त वस्तू नेहमी आपोआप स्वस्त होत नाही. पुष्कळदा ती कोणीतरी स्वस्त केलेली असते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्वस्त कापड आले आणि येथे काय झाले? घरोघरचे चरखे प्रथम बंद पडले. गिरणीचे सूत हातच्या सुतापेक्षा स्वस्त आणि एकसारखे होते, तेव्हा विणकरांनीच ते घेण्यास सुरुवात केली. त्यानंतर जाडेभरडे कापड विणणाऱ्यांचे माग थांबले. नित्य वापराचे कापड गिरणी सहज करू शकत होती. पण नागपूरचे कोष्टी मात्र टिकून राहिले. त्यांचे काम वेगळे होते. तलम सुताला रेशमी काठ जोडून ते जी लुगडी विणीत, तसा काठ लँकेशायरच्या यंत्राला विणता येत नव्हता. विदर्भातील करवती काठ तुम्ही पाहिला आहे काय? करवतीच्या दात्यांसारखी टोके एकीकडून काठाच्या रंगाची आणि दुसरीकडून अंगाच्या रंगाची एकमेकांत गुंतलेली असतात. प्रत्येक फेऱ्याला काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा धोटा वेगळा फेकावा लागतो. जे काम यंत्राला जमले नाही, त्याच्या आधारावर एक समाज पुढे कित्येक वर्षे जगला.

आता आपण एका दिवसापाशी थोडे थांबू. तो दिवस म्हणजे १ जानेवारी १८७७. या दिवशी दिल्लीला मोठा दरबार भरला होता आणि इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. राजेरजवाडे जरतारी पोशाखांत आणि हिरेमाणकांत झळकत होते. त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून एक गृहस्थ आले होते, आणि त्यांच्या अंगावर हातच्या सुताचे जाडे पांढरे कपडे होते. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. देशात तयार होणारी वस्तूच वापरावयाची, असे व्रत त्यांनी घेतले होते. स्वदेशी मालाची दुकाने निघावीत म्हणून ते खटपट करीत होते. गांधीजींनी चरखा हाती घेण्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे.

नेमक्या त्याच दिवशी, नागपुरात, जुम्मा तलावाच्या जवळ एका नव्या कापडगिरणीचे उद्घाटन झाले. गिरणीचे मालक जमशेटजी टाटा. नव्या सम्राज्ञीच्या सन्मानार्थ गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव दिले होते. एकाच दिवशी एका माणसाने परक्या सत्तेच्या दरबारात स्वदेशी कापड घातले, आणि दुसऱ्याने परक्या राणीचे नाव देऊन स्वदेशी कापड विणण्यास आरंभ केला! या दोघांची त्या दिवशी एकमेकांना खबरही नसेल. पण स्वस्त परदेशी कापडाला दोघांनी आपापल्या परीने दिलेली ती दोन उत्तरे होती. पहिला म्हणत होता की, महाग असले आणि जाडेभरडे असले तरी मी आपलेच घेईन. दुसरा म्हणत होता की, आपलेच असे करू की ते महागही नसेल आणि जाडेभरडेही नसेल.

जमशेटजींनी मुंबई सोडून नागपूर निवडले, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले होते. त्या काळी कापडगिरणी म्हटली म्हणजे मुंबईच. पण त्यांचा हिशेब निराळा होता. कापूस नागपूरच्या भोवताली पिकत होता. दगडी कोळसा वरोऱ्याच्या खाणीत सापडला होता. आगगाडी आलेली होती. मग कापूस मुंबईस नेण्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ आणावी, हे बरे. १८७४ साली १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. घेतलेली जागा दलदलीची होती, ती भरून काढण्यातच बराच पैसा गेला. असे सांगतात की, येथल्या एका सावकाराने या कंपनीत पैसे घालण्यास नकार दिला. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे तो म्हणाला. पुढे गिरणीची भरभराट झाल्यावर त्यानेच कबूल केले की, टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने काढले.

ही भरभराट मात्र पहिल्या दिवसापासून झाली नाही. आरंभी सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग बसविण्यात आले होते. यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. सूत चांगले निघेना, भागांचे भाव उतरले. आता त्या वेळी 'आमचा माल देशी आहे, म्हणून तो गोड मानून घ्या' असे लोकांना सांगता आले असते. जमशेटजींनी तसे केले नाही. त्यांनी यंत्रे बदलली. इंग्लंडातील गिरणीवालेही ज्याकडे साशंकतेने पाहत होते, ते रिंग फ्रेम नावाचे नवे कताईयंत्र त्यांनी नागपुरात आणून चालवून पाहिले, आणि यशस्वी ठरताच जुनी यंत्रे काढून ते बसविले. रिंग फ्रेम वापरणाऱ्या हिंदुस्थानातील पहिल्या गिरण्यांत एम्प्रेसचे नाव घेतले जाते. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई देण्याची व्यवस्था झाली. कायद्याने तसे करण्याची सक्ती येण्याच्या किती तरी आधी. माझ्या मते स्वदेशीचा अर्थ समजून घ्यावयाचा तर, सभांतील व्याख्यानांइतकेच या यंत्रबदलाकडे पाहिले पाहिजे.

पण एकट्या कारखानदाराने हे काम पुरे होत नाही. नवा कारखाना लहान मुलासारखा असतो. तो पडत-धडपडत शिकतो, आणि तोवर त्याचा माल थोडा महाग किंवा थोडा उणा असतो. त्या काळात कोणीच तो घेतला नाही, तर शिकण्यापूर्वीच तो संपतो. तो काळ निभावून नेतो तो गिऱ्हाईक. महाराष्ट्रातील गिऱ्हाइकाने हे काम केल्याचे दाखले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा, अशी ती कल्पना. या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ज्याने एक पैसा दिला, तो त्या कंदिलाच्या काचेकडे परक्या नजरेने पाहणे शक्यच नव्हते.

१९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन खुद्द नागपुरात भरले, आणि असहकाराच्या ठरावात सूतकताई व हातमाग यांच्या पुरस्काराला स्थान मिळाले. पुढे नागपूरपासून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. हातकागद, घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या पाळणे, असे कितीतरी धंदे तेथे शिकविले जात. तेथील मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झाले आणि ते आजही पाहता येते. या सर्व काळातील एक नाव मात्र विसरता येत नाही. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाची मोटार निघाली, तेव्हा तो तिच्यापुढे आडवा झाला आणि मोटार त्याच्या अंगावरून गेली. वय अवघे बावीस वर्षांचे. तो कापड विणणाऱ्यांपैकीच एक होता, ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण विसरतात.

स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या सरकारने आयात शुल्के वाढविली, कित्येक वस्तूंच्या आयातीवर बंदीच घातली. आपल्या कारखान्यांना वाढण्यास अवसर मिळाला, आणि पुष्कळ कारखाने खरोखर वाढले. परंतु या संरक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरचा माल येणारच नाही, अशी खात्री झाल्यावर काही कारखानदार सुस्तावले. एका स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत बसत. १९९१ नंतर आयातीची दारे हळूहळू उघडली, तेव्हा ज्यांनी आपले काम सुधारले होते ते टिकले. बाकीच्यांची धांदल उडाली. एम्प्रेस मिलची अखेरही चटका लावणारी आहे. एके काळी नव्या यंत्रासाठी नावाजलेली ही गिरणी शेवटी जुन्या यंत्रांनी आणि तोट्याने वाकली. १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. तिचा घात एकट्या परदेशी कापडाने केला, असे म्हणणे खरे होणार नाही. देशातल्या देशात यंत्रमागांनी तिला मागे टाकले होते. आज त्या जागेवर एक मॉल उभा आहे. तेथे टांगलेल्या कपड्यांच्या गळ्याशी शिवलेल्या चिठ्ठ्या वाचीत गेले, तर ते किती देशांतून आले आहेत ते कळते.

आता आपण पुन्हा कळमन्याच्या आवारात येऊ. तेथे तो शेतकरी अजून राशीपाशी बसलेला आहे.

तुरीच्या बाबतीत आपल्या देशाने दोन्ही टोके पाहिली आहेत. २०१५ साली पीक कमी आले आणि तूरडाळीचा भाव कित्येक शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेला. ज्या घरात मांस-मासे नाहीत आणि दूधही बेताचे, त्या घरात वरण पातळ होणे म्हणजे मुलांच्या वाढीतच काटछाट होणे होय. त्या वेळी परदेशातून तूर मागविली गेली, आणि ती मागविणे योग्यच होते. २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळीच्या खरेदीचा करारही झाला. पण चढा भाव पाहून त्याच वर्षी आपल्या शेतकऱ्यांनीही तूर भरपूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि २०१७ च्या आरंभी बाजारात तुरीचा महापूर आला. सरकारने हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये ठरविला होता. बाजारात भाव त्याच्या खाली घसरला. सरकारी खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. भरावयास बारदाना नाही, म्हणून कित्येक ठिकाणी मापे थांबत. तेव्हा सरकारने त्याच वर्षी तुरीवर आयात शुल्क बसविले आणि वर्षाला दोन लाख टनांहून अधिक तूर आणू नये, अशी मर्यादा घातली. २०२१ च्या मे महिन्यात भाव पुन्हा वाढू लागल्यावर ही मर्यादा उठविण्यात आली.

यात एक गोष्ट लपलेली आहे. ज्या वर्षी तूर फार स्वस्त होते, त्या वर्षी शेतकऱ्याचा खर्चही निघत नाही. पुढच्या मृगात तो विचार करतो आणि तुरीच्या ओळी कमी करून सोयाबीनच्या वाढवितो. मग त्यापुढील वर्षी तूर कमी पडते आणि भाव चढतो. यंदा किलोमागे वाचविलेले दहा रुपये पुढच्या वर्षी त्याच घराला वीस करून मोजावे लागतात. शिवाय तुरीची कास सुटली म्हणजे जमिनीचेही नुकसान होते. तुरीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. म्हणूनच आपले शेतकरी कपाशीत वा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालीत आले आहेत. दुकानात डाळीचा भाव लिहिलेला असतो. या नत्राचा हिशेब त्या पाटीवर कोणी लिहीत नाही.

पण थांबा, हिशेब अजून पुरा झालेला नाही. तुरीची डाळ होते कशी? आधी तूर चाळून निवडतात, तिला तेलपाणी लावून मुरवितात, उन्हात वाळवितात, मग यंत्रावर टरफल काढून दाणे भरडतात, आणि पुन्हा चाळून प्रत लावतात. राहिलेली चुनी गुरांच्या खाद्याला जाते. नागपुरात अशा दालमिली आहेत. तेथे हमाल आहेत, यंत्र चालविणारे आहेत, निवडणाऱ्या बाया आहेत. येथली तूर संपली म्हणजे परदेशच्या तुरीवरही त्यांचे हात चालतात आणि त्यांच्या घरची चूल पेटते. मग ती डाळ देशी की परदेशी? शेत परक्या देशातले, घाम नागपूरचा. याच्या उलट, तयार डाळच पिशवीत भरून बाहेरून आली, तर शेतकऱ्याबरोबर या बायाही रिकाम्या बसतील. म्हणून वस्तू कोठली एवढेच विचारून भागत नाही. तिच्यात कोणाकोणाचे काम आहे आणि किती, हेही विचारावे लागते.

आणि आपण दुसऱ्याच्या दारात परदेशी असतो, तेव्हा काय होते? नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतील संत्र्यांना बांगलादेश ही फार मोठी बाजारपेठ होती. तेथील सरकारने २०१९ नंतर संत्र्यांवरील आयात शुल्क वर्षामागून वर्ष वाढवीत अनेक पटींनी चढविले. तिकडच्या गिऱ्हाइकाला आपले संत्रे महाग पडू लागले, इकडून जाणाऱ्या गाड्या रोडावल्या, आणि काटोल-वरूडच्या बागाईतदारांना भाव मिळेना. आयात शुल्क हा आपल्याला एरवी संरक्षणाचा कोट वाटतो. त्या कोटाबाहेर उभे राहून तो कसा दिसतो, हे आपल्या बागाईतदारांनी त्या वेळी पाहिले. कळमन्याच्या एकाच आवारात, एका बाजूचा शेतकरी म्हणतो की बाहेरचा माल अडवा, आणि दुसऱ्या बाजूचा म्हणतो की आमचा माल बाहेर अडवू नका. दोघेही खोटे बोलत नाहीत.

तुम्हां मुलांच्या रोजच्या वापरातही हा प्रश्न येतोच. खेळणी घ्या. काही वर्षांपूर्वी आपल्या बाजारात परदेशी, विशेषतः चिनी खेळण्यांची रेलचेल होती. २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, आणि १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेळण्यावर, मग ते देशी असो वा परदेशी, गुणवत्तेची आयएसआय खूण असणे सक्तीचे केले. माझ्या दृष्टीने या दोहोंत दुसरा नियम अधिक शहाणपणाचा. लहान मूल खेळणे तोंडात घालते. त्याच्या रंगात विष आहे की नाही, हे त्या खेळण्याच्या देशापेक्षा महत्त्वाचे आहे.

इतक्यात आपल्या शेतकऱ्याच्या राशीपाशी घोळका येऊन थांबला. बोली झाली. भाव मनासारखा नाही, पण अगदीच पडलेलाही नाही. मापाऱ्याने काटा लावला, हमालांनी पोती भरली, सुतळीने तोंडे शिवली. अडत्याकडून पट्टी घेऊन शेतकऱ्याने पैसे मोजले, दोनदा मोजले, आणि कोपरीच्या आतल्या खिशात ठेवले.

गावाकडची गाडी दुपारची आहे. तोवर तो इतवारीच्या बाजारात जातो. मुलीचे लग्न ठरले आहे. दुकानदार त्याच्यापुढे दोन साड्या टाकतो. दोन्हींवर करवती काठ आहे, रंगही जवळजवळ सारखाच आहे. एक यंत्रावर झटपट निघालेली, दूरच्या शहरातून आलेली, काठ नुसता छापल्यासारखा. तिची किंमत निम्म्याहूनही कमी. दुसरी येथल्याच एखाद्या कोष्ट्याने कित्येक दिवस मागावर बसून, फेऱ्याफेऱ्याला धोटे बदलीत विणलेली. शेतकरी खिशावर हात ठेवतो. मग तो दुसरी साडी उचलतो, उलटी करून तिच्या काठावरून अंगठा फिरवितो, आणि दुकानदाराला विचारतो, "ही कोणी विणली?"